उशिरा पोचणारं पाणी

महादेवावरून माझं मन त्या वर्षी उडालं होतं, हे आधीच सांगते. इतकी वर्षं सोमवार धरले आणि घरधन्याची वाचाच गेल्यासारखी झाली. काही विचारलं की नुसते बघत राहायचे. मी तोंडाची तिखट. "बोला ना जी! तोंडात भात भरला हाय काय?" म्हणायची आणि उत्तराआधीच पुढच्या कामाला लागायची. मला वाटायचं, मुद्दाम गप्प बसतात.

साकोलीच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. मेंदूला रक्त नेणारी मानेतली नस आतून अरुंद झाली होती. तिच्या पलीकडे रक्त किती पोचतं ते एमआरआयमध्ये बघून ऑपरेशनचं ठरणार होतं. त्यांना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले. मशीनची ठकठक ऐकू येत होती. देवाला म्हटलं, आता तरी तोंड उघड. हात मात्र जोडले नाहीत.

तपासणी करणारी बाई बाहेर आली. "आजी, कोणीकडच्या?" सानगडी म्हणताच हसली. तिचं माहेर आमच्याच भागातल्या कोंढ्याचं.

"आतमधलं जितं हाय, का सुकलं?" मी सरळ विचारलं.

ती घुटमळली. "पक्कं डॉक्टरच सांगतीन. पण डोक्याच्या डाव्या बाजूले रक्त उशिरा पोचून राहिलं, आजी. उशिरा, पण पोचून राहिलं."

"मंग बोलत काहून नाही?"

"तुमी थांबता का?"

मला आमचं शेत आठवलं. घरधनी तलावाचं पाणी सोडायचे, तेव्हा धानाची शेवटची बांधी, शेताचा शेवटचा तुकडा, भरेपर्यंत बांधाच्या पाळीवर बसून राहायचे. मी टोमणा मारायची, "पाण्यासंग लगन लावलं काय?" ते म्हणायचे, "पाणी येते वं. तूच उठून जाते."

डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, ऑपरेशन झेपणार नाही. गोळ्या घेऊन परत आलो. दुसऱ्या सकाळी विचारलं, "अजी, पेज घेता का?" आणि मी तिथंच बसून राहिले. कोंबडी अंगणातून पार गोठ्यापर्यंत गेली. मग ते म्हणाले, "मीठ टाकजो." मी चुलीकडे तोंड फिरवलं.

रोवणीपासून धान कापेपर्यंत अशी थोडीथोडी बोलणी झाली. एवढ्या संसारात झाली नव्हती तेवढी. मग एका सकाळी पेजेचं विचारलं आणि बसले. पेज थंड झाली, वर पापुद्रा धरला. उत्तर आलं नाही. ते गेले होते, तरी बराच वेळ मी उठले नाही.

नागपूरच्या त्या तपासणीवाल्या बाईचं नावही विचारलं नव्हतं. तिला महादेवानं पाठवलं की तिची तिथं नोकरीच होती, मला माहीत नाही. माझ्या पदरात जे पडलं ते तिच्या एका प्रश्नामुळे, एवढं खरं. आता सोमवारी देवळात जाते, हात जोडते, सांगायचं ते सांगते आणि लगेच उठत नाही. अजून काही ऐकू आलेलं नाही. बसते.