तांडेलबाईंची किळस

पहिल्याच भेटीत डॉक्टर तांडेलबाईंनी माझ्या नवऱ्याला खोलीबाहेर काढलं. माझ्या छातीतली गाठ फुटून जखम वाहत होती. वासानं त्यानं नाकाला रुमाल लावला होता. "तुमी बाहेर बसा. नाक धरायला तिथं बाकडं हाय," असं म्हणून बाई जखमेवर वाकल्या. कपाळावर एक आठी नाही.

बाई बोईसरजवळच्या नवापूरच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. एरवी शुद्ध बोलत. राग आला की गावची बोली तोंडात येई. "मला रोगाची किळस येत नाय, माणसांची येते," हे त्यांचं नेहमीचं.

मला ते टाळेबंदीत कळलं. बोईसरचं त्यांचं रुग्णालय कोरोनासाठी घेतलं गेलं. मुंबईला जायची सोय नव्हती, आणि केमो थांबली म्हणून आमचा आजार थांबणार नव्हता. बाईंनी एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा बंद पडलेला डोळ्यांचा दवाखाना मिळवला. एका वेळी एकच रुग्ण, खिडक्या सताड उघड्या.

थोड्याच दिवसांत सोसायटीनं फाटकाला कुलूप घातलं. बाहेर उन्हात केमोला आलेल्या आम्ही दोघी, मी आणि केळव्याच्या काशीआजी. आजींना भडभडून ओकारी झाली. तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष फवारणीचा पंप घेऊन आले आणि गजांतून त्यांनी आजींवर जंतुनाशक मारलं. डोक्यावर, तोंडावर. वर गॅलऱ्यांतून लोक मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. कुणीतरी हसलं.

बाई गाडीतून उतरल्या त्या धावतच. बाटलीतल्या पाण्यानं त्यांनी आजींचे डोळे धुतले.

"अहो, केमोनं यांची ताकद गेलीय. साथ लागली तर या जगायच्या नायत. धोका यांना तुमच्यापासून हाय!"

"मॅडम, आमच्या घरात लहान मुलं आहेत," अध्यक्ष म्हणाले.

कुलूप निघालं नाही. दुसरी जागा मिळेपर्यंत आजींची केमो लांबली. पावसाळ्यात त्या गेल्या. "लांबली नसती तर..." एवढंच बाई म्हणत.

साथ ओसरल्यावर त्याच सोसायटीनं बाईंचा सत्कार ठेवला. त्या मला घेऊन गेल्या. अध्यक्षांनी हसत त्यांचा हात हातात घेतला, शाल पुढे केली. बाईंनी माइक ओढला.

"काशीबाईंवर औषध कोणी मारलं? त्यानं उठून सांगावं. मग शाल घेते."

अध्यक्षच टाळ्या वाजवू लागले, जणू भाषण संपलं होतं. सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

बाई शाल न घेताच जिना उतरल्या. खाली नळावर त्यांनी अध्यक्षांनी धरलेला तो हात घासघासून धुतला.

त्याच वर्षी त्यांनी बोईसर सोडलं. निरोप घ्यायला सरावलीला माझ्या घरी आल्या होत्या. जाऊ नका, असं मी एकदाही म्हटलं नाही.