बाया धरून का सोडून

गोजरबाईला "किती" म्हणून काहीही विचारलं, की ती आधी उलटा सवाल करायची. "बाया धरून सांगू का सोडून?" पंगतीला पानं किती मांडायची, गाडीत बाजाराला किती जण जाणार, काहीही असो. अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात, निजामाचा अंमल गेल्यावर, नवा कारकून गावात माणसं किती ते विचारायला आला, तर त्यालाही तिनं तेच विचारलं. चावडीवरचे लोक हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, कारण हा सवाल तिला कुठून मिळाला हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गोजरबाई महारवाड्यातली सुईण. हिंगोलीकडच्या साखरा गावाच्या पुढचं आमचं गाव, आणि त्यातलं निम्मं तिच्या हातावर जन्मलेलं. मीसुद्धा. माझे वडील सोनाजी पाटील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. गोजरबाई बाळंतिणीजवळ असेपर्यंत आमच्या घरात कुणाला विटाळ आठवत नसे. ती उंबऱ्याबाहेर पडली की माझी आई लगेच तिच्या पावलांवर गोमूत्र शिंपडायची. बाहेर बसलेले पुरुष विचारायचे, "काय झालं?" मुलगी असली तर आतल्या बायकाच सांगायच्या, "काई न्हाई, पोरगी झाली." माझ्या वेळीही काई न्हाईच झालं होतं.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली. हिंगोलीहून दत्तोपंत नावाचे टोचणीवाले यायचे होते. त्यांनी आधी निरोप धाडला, "गावात माणसं किती ते कळवा, तेवढी लस आणतो." आबांनी कळवलं, दीडशे. आबा खोटं बोलले नाहीत, हेच तर दुखणं आहे. आमच्याकडे माणूस म्हणजे पुरुष. बाई ती बाई, आणि महारवाडा तो महारवाडा. बाकी त्यांनी घरोघर फिरून, पाळण्यातल्या पोरग्यांसकट, अगदी काळजीनं मोजलं होतं.

दत्तोपंत चावडीवर बसले. चावडीवर बाई चढत नसे आणि महारवाड्यातलं तर कुणीच नाही. खाली लिंबाजवळ गोजरबाई सकाळपासून बसून होती. शेजारी तिची एकुलती एक लेक शालू, माहेरपणाला आलेली, मांडीवर दहा महिन्यांचं लेकरू. शालूला एकदा सुई टोचली की तिला सासरी धाडायला गोजरबाई मोकळी होणार होती. दुपारपर्यंत बाटल्या संपल्या.

दत्तोपंतांनी खाली बोट दाखवलं. "यांचं काय? पाटील, तुम्ही दीडशे म्हणालात."

"मग झाले की बराबर दीडशे."

"आणि बायका? ही वस्ती?"

"तुमी माणसं इचारली होती," आबा म्हणाले.

दत्तोपंतांनी कपाळावर हात मारून घेतला. नवी लस यायला आठ दिवस तरी लागणार होते. निघताना त्यांनी गावच्या विहिरीत लाल औषध टाकलं. महारवाडा ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी पीत असे. "आमच्या झिऱ्यात काहून न्हाई टाकत?" गोजरबाईनं विचारलं, तर पुड्याही संपलेल्या. पाण्याची ठिकाणं कळवताना आबांनी तेवढी विहीरच कळवली होती. या वेळी मात्र दत्तोपंतांनी लसीचा आकडा गोजरबाईलाच विचारला. तिनं बोटांवर एकेक घर मोजलं आणि सांगितलं, दोनशे दहा. त्यात शालू होती.

त्या आठ दिवसांची आठवण झाली की माझं डोकं फिरतं. टोचून घेतलेले पुरुष पारावर तंबाखू मळत बसले होते. घरोघरी लेकरं पडली होती. त्यांची उलटी काढायला बाई, ते कपडे ओढ्यावर धुवायला बाई, आणि स्वतःला कळ आली तर "होईल बरं" म्हणून चुलीपुढं बसणारीही बाईच. चौथ्या दिवशी सकाळी शालूला जुलाब लागले आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. पाचव्या दिवशी माझी आई पडली, शकुबाई पाटलीण. लेकीला माती देऊन आलेली गोजरबाई तिच्या उशाशी बसून चमच्यानं पेज पाजत राहिली. आबा दारातूनच विचारत होते, "कसं हाय?" आई तिन्हीसांजेला गेली.

नवव्या दिवशी दत्तोपंत परत आले. आबांना सुतक असल्यामुळे चावडीऐवजी आमच्या अंगणातच बसणं झालं. दत्तोपंतांनी वही उघडली. "किती माणसं दगावली?"

"दोन," आबा म्हणाले.

फाटकाशी गोजरबाई उभी होती, शालूचं लेकरू कडेवर घेऊन. ती तिथूनच बोलली. "पाटील, दोनच गेले तर तुमी सुतक कोणाचं धरून राहिले?"

आबांचा हात आपल्या बिनगंधाच्या कपाळाकडे गेला आणि तिथंच राहिला.

"लिहा जी," ती दत्तोपंतांना म्हणाली. "दोन, पाटलांनी सांगितले ते. गावातल्या बाया आठ, त्यात शकुबाई पाटलीण. महारवाड्यात अकरा, त्यात माझी शालू. आता बाया धरून झालं."

दत्तोपंतांनी एकवीस लिहिले. मग स्टोव्हवर सुई उकळली. दाराआड मी उभी होते. गोजरबाई सरळ अंगणात शिरली, तिनं माझा दंड धरला, बाही वर केली आणि मला पुढं ओढलं. "ही पयली घ्या. शालूच्या वाटणीची हिला टोचा." आबा खाली बघत होते. सुई निघाल्यावरही तिनं माझा दंड बराच वेळ सोडला नाही.

ती गेल्यावर त्या दिवशी अंगणात कुणी गोमूत्र शिंपडलं नाही. शिंपडणारी आईच होती.