क्लॅरीच्या हातची रायफल

फर्गस टुलॉक मेंढ्यांच्या बाजारात दलाली करायचा. पण आमच्या साउथलंड प्रांतात त्याचं नाव निघायचं ते रायफलींवरून, आणि तेही एकाच माणसाच्या हातच्या रायफलींवरून. क्लॅरी बीटनच्या.

फौजेने जुन्या थ्री-नॉट-थ्री मोडीत काढून नवी काडतुसं घेतली, आणि नेमबाजीच्या क्लबांनाही तीच मिळू लागली. ती जुन्या नळीत बसेनात, मग आपापली जुनी रायफल घेऊन सगळे क्लॅरीच्या शेडमध्ये जायचे. तो पुढचं लाकूड कापून टाकायचा, नवी जाड नळी चढवायचा, नेम धरायची माशी बदलायचा. लढाईवर जाऊन आलेली बंदूक शनिवारच्या स्पर्धेसाठी तयार!

काय शनिवार होते ते! आधी मैदानातल्या मेंढ्या हाकलायच्या, मग निशाणं उभी करायची. मी किटलीपाशी चीज रोल भाजत बसायचे. क्लॅरी पाइप ओढत नेमबाजांच्या मागे उभा राहायचा. कुणाचा नेम चुकला की म्हणायचा, "रायफल ठीक आहे रे, तू मानगूट सैल सोड."

केलेल्या कामावर त्याने कधी नाव कोरलं नाही. म्हणायचा, "नाव वाचून गोळी सरळ जाते होय?"

क्लॅरी गेला आणि त्याच्या रायफली कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या पलंगाखाली गेल्या. फर्गस मेंढ्या बघायला म्हणून जायचा आणि परतताना एखादी गाडीत घालून आणायचा. त्याची पारख साधी होती. क्लॅरीच्या रायफलीवरच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत असायच्या. आणि लाकूड उघडलं की आतल्या लोखंडावर कानशीचे ओरखडे उजवीकडे कललेले दिसायचे, वाऱ्यावर ओट झुकावेत तसे. फर्गसने 'हो' म्हटलं की ती क्लॅरीची. त्यावर कुणी वाद घालत नसे.

क्लबाच्या अमृतमहोत्सवाला सगळ्यांनी आपापल्या जुन्या रायफली आणल्या होत्या. वॉटी स्केरेटनेही आणली. वॉटी कुंपणं घालायचा. तो आणि फर्गस पोरवयापासून शेजारी शेजारी आडवे पडून नेम धरत आलेले. त्याने घोंगडी उलगडून रायफल टेबलावर ठेवली.

"ही बघ. क्लॅरीची शेवटची."

फर्गसने चष्मा लावला, लाकूड सोडवलं आणि हसायलाच लागला. "वॉटी, तुला कुणीतरी टोपी घातली रे! ओरखडे बघ, सगळे डावीकडे. आणि या खाचा? एक उत्तरेला, एक दक्षिणेला! क्लॅरी पिऊन पडला असता तरी असलं काम केलं नसतं त्याने."

हॉलभर हशा पिकला. वॉटी लालबुंद झाला. "तू म्हणतोस तर नसेल," एवढंच बोलून त्याने रायफल गुंडाळली. बशीतला चीज रोल तसाच टाकून तो निघून गेला, आणि नंतर मैदानावर फिरकलाच नाही.

फर्गसची बायको नेटा त्याला सारखी सांगायची, "जाऊन ये त्याच्याकडे."

"मी काय खोटं बोललो?"

"खोटं नाही. चारचौघांत बोललास."

पण तो गेला नाही. वर्षं गेली. मग क्लॅरीची मुलगी इसोबेल घर विकण्याआधी आवरायला डनीडिनहून आली आणि तिने फर्गसला हत्यारं बघायला बोलावलं. शेडमध्ये शिरताच तो थबकला.

"हा लोखंड पकडायचा व्हाइस बाकाच्या या टोकाला कुणी आणला?"

"बाबांनीच. शेवटच्या वर्षी झटका येऊन उजवा हात गेला ना त्यांचा. मग डाव्या हाताने कानस चालवायचे."

"आम्हाला तर म्हणाले, गुडघे दुखतात."

"लोकांना कीव आलेली त्यांना नको होती. एका वॉटीला तेवढं माहीत होतं. मुद्दाम काम घेऊन आला, आणि रोज संध्याकाळी येऊन रायफल धरून उभा राहायचा. कुणाला सांगणार नाही असं बाबांनी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. पण आता सांगायला काय हरकत आहे, फर्गस? तुम्ही खुशाल सांगा."

फर्गस तिथूनच थेट वॉटीकडे गेला. वॉटी परसात बटाटे काढत होता.

"वॉटी, मी गाढव आहे."

"हे सांगायला एवढं पेट्रोल जाळलंस? गावाला माहीत आहे ते."

"क्लॅरी गेल्यावर तरी बोलायचं होतंस!"

"माणूस गेला की दिलेला शब्द सुटतो? मला नव्हतं माहीत." वॉटीने फावडं जमिनीत रोवलं. "लोक हसले त्याचं काही नाही रे. तू हसलास."

फर्गस गुडघ्यांवर बसला आणि वॉटीच्या बरोबरीने बटाटे वेचू लागला. अंधार पडेपर्यंत दोघं वेचत होते.

पुढच्या सभेत फर्गस उभा राहिला. क्लॅरीच्या हाताची हकीकत त्याने सगळ्यांना सांगितली आणि म्हणाला, "ही रायफल क्लॅरीचीच. माझीच नजर अधू." मागून वॉटी ओरडला, "मोठ्याने बोल, पुन्हा ऐकू दे!"

त्यानंतर दोघं पुन्हा मैदानावर येऊ लागले. वॉटीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तो अंदाजाने गोळी झाडायचा आणि फर्गस दुर्बिणीतून सांगायचा, "गेली, मेंढीच्या लोकरीत!" दोघंही खोकला लागेपर्यंत हसायचे.

ती रायफल मात्र वॉटीने त्याला दिली नाही. फर्गसने विचारून पाहिलं, गळ घातली, एकदा तर नेटाकरवी सारण भरून भाजलेली पाईसुद्धा पाठवली. वॉटी ढिम्म. वारण्याआधीच्या हिवाळ्यात त्याने ती इसोबेलच्या हवाली केली. तिने घर विकलं नाही. दर शनिवारी येते, वडिलांच्या कामावर गाल टेकून नेम धरते. परवा तिने फर्गसला चांगल्या फरकाने हरवलं, तेव्हा तो दिवसभर सगळ्यांना तेच सांगत सुटला होता.