माझ्या नावाचं कार्ड

म्हादू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा काढत होतो. मिरजेच्या दवाखान्यातून त्याची सून बोलत होती. घरात येऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं... त्या तारखेला काहीच नव्हतं. मला त्याचाच राग आला. वर्षाचे सगळे आरोग्य दिन स्वतःच्या आणि माझ्याही कॅलेंडरावर लाल पेनानं गोल करून ठेवणारा माझा बालमित्र, आणि गेला मोकळ्या तारखेला.

क्षयरोग दिन, रक्तदाब दिन, योग दिन, सगळे त्याला सणासारखे. प्रभातफेरीत फलक त्याच्याच हातात. स्तनपान सप्ताहालासुद्धा पहिल्या खुर्चीत जाऊन बसला. कार्यक्रम घेणाऱ्या गावच्या आशाताई म्हणाल्या, "आवं मामा, हे बायकांसाठी हाय." म्हादू म्हणाला, "मग सुनंला घरात कोण सांगायचं? सासू न्हाई तिला." बसून राहिला, शेवटाला शंकाही विचारली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. उभ्या जन्मात सुई टोचून घेतली नाही, हे पारावर इतक्यांदा सांगितलेलं की आता मागं फिरणं अवघड. मधुमेह दिनाला म्हादूनं मला देवळातल्या शिबिरात ओढत नेलं. माझ्या नावाचं कार्ड झालं, सुई दिसली आणि मी उठलो.

"बस की रं गड्या. मुंगी चावल्यागत हाय."

"तुला लय हौस. माझ्या वाटणीची तूच घे."

त्यानं खरंच घेतली. डाव्या हाताचं बोट स्वतःच्या नावानं दिलं, मग दुसऱ्या टेबलावर उजव्या हाताचं माझ्या नावानं. दरसाल तीच रीत पडली. एकदा सिस्टर म्हणाली, "दोघांची साखर सारखीच कशी वाढली?" म्हादू म्हणाला, "एका ताटात जेवतो आमी." साखर वाढलेली त्याची, पण आशाताईंनी गावभर सांगितलं आणि हॉटेलात माझा चहा फिका झाला. खरं सांगावं तर सुईला भ्यालो हे कळून पारावरची इज्जत जाणार... गप पीत राहिलो.

मिरजेला शेवटचा भेटायला गेलो तेव्हा त्यानं सलाइनचा हात जरासा उचलून दाखवला. "आता माझं बोट मिळायचं न्हाई. तुझं तू दे."

दिवसकार्य झालं आणि कॅलेंडरावर पुढचा लाल गोल आला, मधुमेह दिनाचा. एकटाच गेलो, बोट पुढं केलं. मुंगी कसली, गांधीलमाशी होती. सिस्टरनं जुनं कार्ड ताडून बघितलं. "आजोबा, साखर एकदम नॉर्मल. कशानं उतरली?"

मी म्हटलं, "म्हादू गेला."

तिला काही कळलं नाही. जुनं कार्ड टाकून देते म्हणाली, ते मी हातातून काढून घेतलं. नाव माझं असलं तरी आतले आकडे त्याचे आहेत. ते सदऱ्याच्या खिशात असतं. हॉटेलवाल्याला अजून काही बोललो नाही. चहा बिनसाखरेचाच येतो, लय पांचट लागतो... आणि मी पितो.