जगऱ्याजवळची बाई

बावन्नाव्या वर्षी मी शाळेतली क्लार्कची नोकरी सोडली आणि लोकांच्या जेवणावळींसाठी कणकेचे रोडगे भाजायला लागले. जठारपेठेतल्या आमच्या घरात सुतक पडल्यासारखे चेहरे झाले. पेन्शन कमी बसेल, हे दुःख सगळ्यांना कळत होतं. सव्वीस वर्षं दाखले लिहून लिहून मी आतून वाळत चालले होते, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. नवरा म्हणाला, "उद्या लोक मले आचारणीचा नवरा म्हणतीन." म्हटलं, म्हणू द्या, मीही इतकी वर्षं कुणाची तरी बायकोच आहे.

आमच्याकडे शेतात रोडग्यांचं जेवण असलं की बायका कणीक मळतात, वांगी चिरतात. गोवऱ्यांचा जगरा पेटवून निखाऱ्यात रोडगे पुरायचे, ते काम पुरुषांचं. मला तो जगराच हवा होता, आणि घरच्यांना खरा राग त्याचा होता.

पहिलं काम अमरावतीजवळच्या एका शेतात मिळालं, साठ माणसांचं. ते बिघडलं असतं तर मला दुसरं कुणी दिलं नसतं. पुरुष भोवती उभे राहून सल्ले देत होते. झाले, काढा, करपतील. मी बावचळले आणि वेळेआधीच राख सारली. एक रोडगा फोडला, तर आतला गोळा कच्चा. रोडगा म्हणजे गोळ्यात गोळा. आतला कच्चा राहिला तर सगळंच वाया. कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांमधले एक वयस्कर काका बाह्या सारून पुढे आले.

"सरका बाई. आमी पायतो आता."

मी जगऱ्यापुढे तशीच उभी राहिले.

"नाई सरकत, काका. भूक लागली असंन त भाजी खाऊन घ्या."

सगळे रोडगे परत पुरले, वर नव्या गोवऱ्या रचल्या आणि तासभर एकालाही जवळ फिरकू दिलं नाही. धुरानं डोळे चुरचुरत होते, ठिणगीनं पदराला भोक पडलं होतं, आणि खरं सांगते, इतकं जिवंत मला लग्नाच्या मांडवातही वाटलं नव्हतं.

तासानं पुन्हा एक फोडला. आतपर्यंत खरपूस. पंगत बसली होती, सगळे माझ्या हाताकडे बघत होते. आमच्यात पुरुष उठल्याशिवाय बाई जेवत नाही. मी त्या रोडग्यावर तूप ओतलं, जगऱ्याशेजारी मांडी घातली आणि पहिला घास मीच घेतला.