यंदा पालखीसमोर कुलूप नाही

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

मी इंग्लंडमध्ये नर्स होते. निवृत्त झाले तरी तिथेच राहते, पण दरवर्षी दिवाळीनंतर रत्नागिरीला, मांडवीच्या घरी येते. आज करसल्लागाराकडे गेले. पासपोर्टवरचे शिक्के बघून त्यांनी दिवस मोजले. म्हणाले, "मावशी, शिमग्याआधी परत जा. दिवस जास्त झाले तर तिकडच्या पेन्शनवर इथे कर लागेल की नाही, नक्की सांगता येत नाही."

गेल्या वर्षीही असंच एकाचं ऐकून घाबरून लवकर गेले. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी माझ्या दारात आली आणि दाराला कुलूप! शेजारणीने माझ्या नावाने देवीची ओटी भरली. फोनवर ऐकून मी तिकडे रडत बसले.

मी विचारलं, "शिमग्याला तुम्ही कुठे असणार ओ?"

"गावी, लांज्याला. पालखी येते ना घरी," म्हणाले आणि पासपोर्ट माझ्याकडे सरकवला.

कर भरायला माझी ना नाही. इथे भरायचा की तिकडे, ते करखात्याने लेखी द्यावं. त्यांचं नक्की होईपर्यंत देवीला मी ताटकळत ठेवणार नाही.

तुमच्यापैकी कोणाला लेखी उत्तर मिळालंय का? मी तिकीट पुढे ढकललंय. यंदा दार मीच उघडणार.