चांदीची डबी – एक

ती घटना मला आठवावी लागत नाही. सोमवार उजाडला की ती आपणहून समोर येऊन बसते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. मूळचा खानदेशातला. कॉलेजात अन्यायाविरुद्ध पत्रकं लिहून रातोरात भिंती रंगवणारा, त्यामुळं खात्यात आलो तरी आपण इतरांपेक्षा स्वच्छ आहोत अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत कशी मोडली, ते सांगतो.

एका सकाळी पन्नाशीच्या एक बाई ठाण्यात आल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्यावर घट्ट पदर. घरचं किराणा दुकान होतं. कुटुंब लिंगायत, माहेर सीमेवरचं, बोलता बोलता कानडी शब्द यायचे. मुलगा त्यांना अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणायचा. पुढं सगळं ठाणंच त्यांना अव्वा म्हणू लागलं.

"पोरगं आलं न्हाई परत," त्या म्हणाल्या.

"वय किती?" ठाणे अंमलदारानं विचारलं.

"चोवीस."

"मग सज्ञान हाय की! गेलंय कुठं?"

"समुद्राकडं. पाठीवर पिशवी टाकून चालत हिंडायला. गोरी पोरं हिंडत्यात न्हवं, तसं. म्या म्हटलं, घर असताना पाठीवर घर कशाला रं?"

"समुद्राकडं म्हंजे गोव्यालाच की. मजेत असंल, बाई. आमाला न्हाई नेलं बघा!"

सगळे हसले. मीही हसलो. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

हकीकत साधी होती. मुलगा आणि त्याचा वर्गमित्र मालवणला एसटीनं उतरले आणि किनारा धरून दक्षिणेला निघाले. कधी वाळूतून चालत, कधी मासळीच्या टेम्पोत बसून, गोवा मागं टाकून कर्नाटकात. शेवटचा फोन एसटीडी बूथवरून आला: "अव्वा, उद्या एका बेटावर चाललोय. तिथं फोन न्हाई, माणूस न्हाई. चार दिसांनी बोलतो." नंतर मित्र एकटाच परत आला. म्हणाला, त्याला तिथं परदेशी पोरं भेटली, त्यांच्याबरोबर तो केरळकडं गेला, येईल महिन्याभरात.

आम्ही मिसिंग रजिस्टरला नोंद घेतली. कारणाच्या रकान्यात अंमलदारानं लिहिलं, 'स्वेच्छेने'. बिनतारी संदेश महाराष्ट्रातल्या ठाण्यांना गेला. मुलगा हरवला कर्नाटकात, राज्याची हद्द आमच्यापासून तासाभरावर, पण तिकडं संदेश पाठवावा असं कुणालाच सुचलं नाही. सज्ञान माणूस स्वेच्छेनं गेला की खात्याचं काम संपतं. हा एक शब्द किती आयांना ठाण्याच्या पायऱ्या उतरायला लावतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

घरच्यांनी पेपरात 'हरवला आहे' अशी जाहिरात दिली. तिच्यात एक ओळ होती: हिरवी सॅक, मागच्या बाजूस पिवळ्या इरकली लुगड्याचे ठिगळ. ठिगळ अव्वांनी शिवलं होतं. त्या ठिगळावरूनच खबर लागली. स्टँडजवळच्या बॅगा दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं जाहिरात वाचली आणि तो आमच्याकडं आला. "साहेब, ह्ये बोचकं माझ्याकडं पडून हाय. एक पोरगा टाकून गेला, परत फिरकला न्हाई."

मी दुकानावर गेलो, दोन पंच बोलावले, सॅक उघडली आणि जप्ती पंचनामा केला. दोन शर्ट, एक टॉवेल, टॉर्च, अॅल्युमिनियमचं पातेलं, दात घासायचा ब्रश. वरच्या कप्प्यात पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेली, अंड्याएवढी चांदीची डबी. मी ती कानाशी हलवून पाहिली. कुंकवाची असेल, विड्याची असेल, असं काहीतरी मनात येऊन गेलं. लिहिलं, 'चांदीची डबी – एक'. पंचांनी सह्या केल्या. पंच सही करतात, बघत नाहीत, आणि आम्हालाही ते तसेच हवे असतात. वस्तू पाकिटात घालून सील केल्या.

ओळख पटवायला अव्वांना बोलावलं. सील मोडलं तर परत पंच, परत पंचनामा. म्हणून फक्त रिकामी सॅक दाखवली. ठिगळावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "माझाच टाका हाय."

मित्राला चौकशीला घेतलं. चांगल्या घरचा, चष्मा लावणारा. तो शांतपणे म्हणाला, "चेन बिघडलेली. म्हणाला, तू कोल्हापुरात नीट करून ठेव, मी छोटी पिशवी घेऊन पुढं जातो." जबाब बाहेर बसलेल्या अव्वांना सांगितला, तर त्यांचा चेहरा उजळला. "नीट करून ठेव म्हणाला? मग परत येणार की त्यो! न येणारा मानूस पिशवी कशाला दुरुस्त करंल?"

मला ते पटलं. कारागिराला मी एक साधा प्रश्न विचारला नव्हता: सॅकचं बिघडलंय काय?

त्यानंतर अव्वा दर सोमवारी यायच्या. देवळातून परस्पर ठाण्यात. मुद्देमाल खोलीच्या भिंतीला लागून एक बाक होता, त्यावर तासभर बसायच्या. "काय कळलं का, साहेब?" "नाही, अव्वा." "बरं. जित्तं असलं म्हंजे झालं." मग प्रत्येकाच्या हातावर खडीसाखर ठेवून निघायच्या. अंमलदारानं थट्टा सोडून दिली होती. सोमवारी तो बाक स्वतः पुसून ठेवायचा.

असे अकरा सोमवार गेले.

बाराव्या सोमवारी आमची वार्षिक तपासणीची तयारी चालली होती. मुद्देमालाची पाकिटं बाहेर काढून टेबलावर मांडलेली, कुठली फाटलेली, कुठलं सील निघालेलं. हवालदार यादी मोठ्यानं वाचत होता, मी खुणा करत होतो. "अॅल्युमिनियमचं पातेलं एक. दात घासायचा ब्रश एक. चांदीची डबी एक."

"कसली डबी?" बाकावरून आवाज आला.

अव्वा उठून टेबलाशी आल्या. सुटलेल्या पाकिटातून पांढरा दोरा बाहेर लोंबत होता. त्यांनी तो बोटानं उचलला. डबी अलगद वर आली. त्या रडल्या नाहीत. डबी दोन्ही डोळ्यांना लावली आणि मला विचारलं, "हे तुमच्याकडं कवापास्नं हाय?"

"सॅक मिळाली तेव्हापासून. का?"

"साहेब, ह्ये त्येचं लिंग हाय. गळ्यातलं. सकाळी तळहातावर घिऊन पूजा केल्याबिगर त्यो पाणीसुदिक पीत न्हाई. आईला सोडंल, घर सोडंल, ह्ये सोडून कुठं जायाचा न्हाई." मग म्हणाल्या, "न्हाई माझं पोरगं. कवाच गेलंय."

हवालदार खाली मान घालून म्हणाला, "लिंगायताचं लिंग हाय, साहेब. मेल्यावर मातीतबी संगट देत्यात. मला दाखवलं असतं तर..." दाखवलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.

त्याच दिवशी मित्राला परत आणलं. या वेळी मी आवाज चढवला नाही. डबी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "सॅकचं बिघडलं काय होतं?"

त्यानं डबीकडं पाहिलं, चष्मा काढला. "काही नाही. टाकून देववेना, घरात ठेववेना."

मग तो बोलला. मच्छीमारानं त्यांना होडीतून बेटावर सोडलं होतं. काळा खडक, थोडी झुडपं, एक गोड्या पाण्याची विहीर, बाकी चहूकडं समुद्र. "आयुष्यात इतके खूश आम्ही कधी नव्हतो, साहेब. पातेल्यात भात शिजवायचा, मासे घ्यायचे नाहीत, कारण तो खायचा नाही. सकाळी समुद्राकडं तोंड करून पूजेला बसायचा. मी म्हणायचो, आटप रे स्वामी, भूक लागलीय." चौथ्या दिवशी दोघं पोहायला उतरले. एरवी तो लिंग काढत नसे. पण दोरा झिजला होता, लाटेत तुटला तर लिंग समुद्रात जाईल, म्हणून त्यानं ते डबीसकट सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. खडकापलीकडं पाण्याला ओढ होती. मित्र कसाबसा बाहेर आला. तो आला नाही.

होडीवाल्याला बेटावर माणसं न्यायची परवानगी नव्हती. तो म्हणाला, गप्प घरी जा, नाहीतर तूच ढकललंस म्हणतील. हा गप्प आला. "अव्वांनी जाताना माझा हात धरून सांगितलेलं, दोघं मिळून या. काय तोंड दाखवू त्यांना?"

मी किनाऱ्यावरच्या ठाण्याला फोन लावला. अर्ध्या तासात उत्तर आलं. ओळख न पटलेला तरुण, जाहिरातीत होती तशीच भुवईवर जुनी खूण, किनाऱ्याला लागला, नियमाप्रमाणं थांबून बेवारस म्हणून दफन. तिथला अधिकारी मोडक्या हिंदीत म्हणाला, "हम राह देखा. आपका मेसेज नहीं आया." मी काय सांगणार? स्वेच्छेनं गेला म्हणून?

गुन्हा कुणावर खुनाचा नव्हता; अकस्मात मृत्यूची चौकशी झाली. मित्राबद्दल अव्वा एवढंच म्हणाल्या, "त्येला मारू नका. त्योबी पोरच हाय." लिंग त्यांना परत द्यायला न्यायालयाचा आदेश लागला, तो मी स्वतः पाठीमागं लागून आणला. मग तिथल्या दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनं ती माती उकरली, घरच्या जंगमांनी, लिंगायतांच्या पुरोहितांनी, विधी केला आणि अव्वांनी लिंग मुलाबरोबर दिलं.

मी वीस वर्षं पुरी होताच नोकरी सोडली. आज परत पत्रकं वाटतो. ठाण्यांबाहेर, स्टँडवर. एकच पान असतं. माणूस हरवला तर 'सज्ञान आहे' हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका. सापडलेली प्रत्येक वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मागा. काही जुने सहकारी म्हणतात, खात्याची बदनामी करतोस. करतो. पण आधी स्वतःची करतो. अन्यायावर भिंती रंगवणाऱ्या मला शेजारच्या माणसाच्या गळ्यात काय असतं, हे ठाऊक नव्हतं. माणूस शोधायचा तर तो कशावाचून राहू शकत नाही, हे आधी त्याच्या घरच्यांना विचारावं लागतं. मी विचारलं ते वय, उंची आणि रंग.

आदेश आला त्या दिवशी अव्वा लिंग न्यायला ठाण्यात आल्या. तोही सोमवारच होता. मुद्देमाल रजिस्टरात मी 'चांदीची डबी – एक' यावर रेघ मारली, वर 'इष्टलिंग' असं लिहिलं आणि सही केली. अव्वांनी अंगठा उमटवला. मी म्हणालो, "अव्वा, माझं चुकलं. अकरा आठवडे हे भिंतीपलीकडं पडून होतं आणि तुम्ही..."

त्यांनी हातातली डबी पदराखाली घेतली, बाकाकडं पाहिलं, मग भिंतीकडं.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "म्हंजे सोमवारी सोमवारी त्येच्याजवळच बसनं झालं माझं."